ट्रॉम्बोनवाल्याची खुर्ची

रामजी पाईकराव यांच्या संगीताच्या कारकिर्दीत दोन वस्तू होत्या. एक ट्रॉम्बोन आणि एक हिरवी लोखंडी घडीची खुर्ची. पैकी ट्रॉम्बोन गुरूचा होता. खुर्ची मात्र स्वतःची. ऑर्केस्ट्राच्या गाडीत सामान चढवताना लोक आधी आपापलं वाद्य बघून घेत. रामजी आधी खुर्ची बघायचा. ट्रॉम्बोन राहिला तर एखादा कार्यक्रम जाईल, पण खुर्ची राहिली तर आईला काय तोंड दाखवायचं, हा त्याचा विचार असे.

हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

रामजीचा बाप नरसीच्या अलीकडच्या एका खेड्यात डफडं वाजवत असे. गावात कुणाचंही लग्न निघालं की त्यानं मिरवणुकीच्या पुढं व्हायचं, चालत वाजवायचं आणि मांडवाच्या दारात पोचलं की तिथंच थांबायचं. वाजवणं आत जायचं, वाजवणारा बाहेर. छप्पन साली धर्म बदलला तेव्हा बापानं ते डफडं वस्तीच्या आडात टाकलं. यात त्याचा निर्धार पक्का होता, पण पदार्थविज्ञान कच्चं होतं. लाकूड आणि चामडं ते. दोन दिवस तरंगत राहिलं. पोहरा सोडला की त्याच्यावर आपटायचा आणि आडातून लग्नासारखा आवाज यायचा. तिसऱ्या दिवशी बापानंच गळ टाकून ते वर काढलं, उन्हात वाळवलं आणि जाळलं, कारण वस्तीला पाणीही प्यायचं होतं. मग तो बायकोला घेऊन हिंगोलीला आला आणि जिनिंगमध्ये हमाली करू लागला. मरताना त्यानं एकच इस्टेट मागं ठेवली : आपल्या घरातलं कुणी यापुढं दुसऱ्याच्या दारात उभ्यानं वाजवणार नाही. या इस्टेटीची राखण रामजीची आई पद्माबाई करत असे आणि ती चांगली करत असे.

अशा घरातल्या पोराला पितळी वाद्याचा नाद लागला, यात पोराचा दोष कमी आणि शेजाऱ्याचा जास्त होता. शेजारी उत्तमसिंग राहायचे. ते पोलीस बँडमधून बँडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. भंगारात निघालेला एक ट्रॉम्बोन त्यांनी लिलावात घेतला होता आणि रोज संध्याकाळी ते अंगणात तो वाजवत. ट्रॉम्बोन म्हणजे लांबलचक पितळी कर्णा. त्याला दाबायच्या कळा नसतात. एक नळी दुसऱ्या नळीवर पुढंमागं सरकवून सूर काढायचा. सरकत्या नळीच्या सात जागा असतात, पण एकाही जागेवर खूण नसते. हाताला ठाऊक असावं लागतं. सातवी जागा गाठताना हात पूर्ण लांब होतो, आणि समोर कुणी उभा असेल तर सूर त्याच्या पाठीत लागतो. म्हणून कुठल्याही बँडात ट्रॉम्बोनवाला सगळ्यात पुढं चालतो. उत्तमसिंगांनी रामजीला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "बेटा, आगे इज्जत के वास्ते नहीं रखते. पीछे रखा तो किसी की कमर जाएगी."

दोन वर्षं रामजी चोरून शिकला. ट्रॉम्बोन चोरून शिकणं ही अवघड गोष्ट आहे, कारण तो तीन गल्ल्यांना ऐकू जातो. पद्माबाईला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. ती फक्त पोरगं सुरात यायची वाट बघत होती. ते सुरात आलं तेव्हा तिनं उत्तमसिंगांना घरी बोलावलं आणि हे काय चाललंय म्हणून विचारलं. उत्तमसिंग तयारीनं आले होते. त्यांनी एका जुन्या कॅलेंडरचं पान पुढं केलं. त्यावर परदेशातला कुठला तरी मोठा ऑर्केस्ट्रा होता. काळे कोट घातलेले साठ-सत्तर जण आणि मागच्या बाजूला तीन ट्रॉम्बोनवाले. हे वाद्य असं वाजवतात, ते म्हणाले, दिव्यांच्या उजेडात, समोर कागद ठेवून.

पद्माबाईनं कोट बघितले नाहीत, दिवे बघितले नाहीत. तिनं पानावर बोट ठेवलं.

"हे बसल्यात का?"

"सब बैठे हैं, माई."

"समदे खुर्चीवर?"

"समदे."

पद्माबाई बराच वेळ त्या खुर्च्या बघत राहिली. मग पोराकडं वळून म्हणाली, "बसून वाजवायचं आसल तर वाजव. उभ्यानं न्हाई."

रामजीनं दुसऱ्याच दिवशी खुर्ची विकत घेतली. ट्रॉम्बोन उत्तमसिंगांनी दिला.

नव्वदच्या आसपास तो 'स्वरलहरी ऑर्केस्ट्रा, हिंगोली' या संस्थेत लागला. ऑर्केस्ट्रा म्हणजे कॅलेंडरवरचा नव्हे. गणपतीत, नवरात्रात आणि जयंतीला सिनेमाची गाणी म्हणणारा. एक गायक, एक गायिका, एक मिमिक्रीवाला आणि बाकी वाजवणारे. कळमनुरी, सेनगाव, वसमत, झालंच तर वाशीम. सगळे उभे राहून, कमरेत हलून वाजवत. एकटा रामजी हिरव्या खुर्चीवर ताठ बसून. लोकांना वाटायचं हा मालक असावा. दोन-तीन ठिकाणी तर आयोजकांनी नारळ आणि शाल त्यालाच दिली. अशी सहा वर्षं बरी गेली. बसून वाजवली तर कला आणि चालत वाजवली तर चाकरी, हा फरक आईनं घालून दिला होता आणि रामजीला तो पटलाही होता.

शहाण्णव साली शिवहारनं कीबोर्ड घेतला. शिवहार ऑर्केस्ट्रात आधी अकॉर्डियन वाजवायचा. मनानं चांगला माणूस. कीबोर्डमध्ये शंभराच्या वर वाद्यं होती आणि प्रत्येकाला नंबर होता. अठ्ठावन्न नंबर दाबला की ट्रॉम्बोन. शिवहारनं पहिल्यांदा तो दाबला तेव्हा स्वतःच ओशाळला आणि रामजीला म्हणाला, तू येत जा, नुसता बसत जा, तुझ्यामुळं स्टेज भरल्यासारखं वाटतं. रामजी तीन कार्यक्रमांत नुसता बसला. तिसऱ्या कार्यक्रमात सेनगावच्या लोकांनी अठ्ठावन्न नंबरला वन्समोअर दिला. त्यानं तिथंच खुर्चीची घडी केली. तक्रार काही नव्हती. अठ्ठावन्न नंबर कधी बेसूर होत नव्हता आणि त्याला खुर्चीही लागत नव्हती.

त्यानंतर चार वर्षं त्यानं हिंगोलीत घरोघरी पेटीच्या शिकवण्या केल्या, मधल्या काळात संगीताच्या परीक्षा दिल्या, लग्न केलं, दोन लेकरं झाली. याच काळात सरकारनं हिंगोलीचा जिल्हा केला, पण त्याचा संगीतावर परिणाम झाला नाही. दोन हजार साली आखाडा बाळापूरच्या एका खाजगी हायस्कुलात संगीत शिक्षकाची जागा निघाली. मुलाखतीत शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष परमेश्वरराव यांनी विचारलं, काय काय वाजवता. रामजीनं पेटी, तबला आणि ट्रॉम्बोन सांगितलं. तिसरं वाद्य अध्यक्षांना कळलं नाही, पण मास्तरकडं आपल्याला न कळणारं काही तरी असावं असं त्यांचं मत होतं. रामजी शिक्षणसेवक म्हणून लागला. म्हणजे तीन वर्षं सेवा करायची आणि काम समाधानकारक वाटलं तर चौथ्या वर्षी कायम. समाधान अध्यक्षांना वाटायचं असतं.

रामजीनं बिऱ्हाड बाळापूरला हलवलं. शाळेत संगीत शिक्षकाला काम पुष्कळ असतं. त्यात संगीत कमी असतं. सकाळची प्रार्थना, पाहुणे आले की स्वागतगीत, पाहुणे न आले तर गणिताचा तास. रामजीनं तरी चिकाटीनं नववीतल्या मुलामुलींचा एक छोटा बँड उभा केला. ढोल, बिगुल, एक झांज. पंधरा ऑगस्टला मुलं मैदानात फिरायची आणि सर ध्वजाच्या खांबाजवळ खुर्चीवर बसून ट्रॉम्बोन वाजवायचे. एकदा शाळेची घंटा चोरीला गेली. नवी येईपर्यंत, म्हणजे सव्वा वर्ष, तास संपल्याची खूण ट्रॉम्बोनवर झाली. रामजी ऑफिसच्या दारात खुर्ची टाकायचा, एक लांब सूर लावायचा आणि परत वर्गात जायचा. बाळापूरच्या बाजारातले लोक त्या सुरावर चहाला निघत. खुद्द परमेश्वररावांनी एकदा गाडी थांबवून तो सूर ऐकला आणि ही नळी कुठवर लांबते याची चौकशी केली.

ती चौकशी तेवढ्यावर थांबायला हवी होती. दोन हजार तीनच्या मे महिन्यात परमेश्वररावांची थोरली लेक सीमा हिचं लग्न निघालं. नवरदेव कनेरगाव नाक्याच्या पलीकडचा, पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता. आणि त्याच मे महिन्यात रामजीची तीन वर्षं भरत होती. कायम करण्याचा प्रस्ताव सहीसाठी अध्यक्षांच्या टेबलावर होता.

शाळेचा क्लार्क संतराम एका दुपारी घरी आला. पाणी प्यायला, पंख्याची चौकशी केली आणि म्हणाला, "सर, प्रस्ताव सायबांच्या टेबलावर हाय आन सीमाताईच्या परण्याला तुमी ते लांबतं वाजीव पुढं वाजवावं आसं सायब म्हणून राहिले."

परण्या म्हणजे नवरदेवाची मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतची मिरवणूक. सर्वांत पुढं वाजंत्री, मागं घोडीवर नवरदेव. दोन गोष्टींचा संबंध कुणीच जोडला नव्हता. संतरामनं फक्त त्या एका वाक्यात सांगितल्या.

संतराम गेला. पद्माबाई आता सत्तरीला आली होती, ऐकायला कमी येत होतं, पण परण्या हा शब्द तिला ऐकू आला होता. खुर्ची हाय का, तिनं विचारलं. रामजी म्हणाला, परण्यात कसली खुर्ची. परण्या चालतो.

"मंग ह्या घरामागचा आड बघून घे," ती म्हणाली. "चांगला खोल हाय. पितळ बुडतं. तुझ्या बापावानी तकलीफ व्हनार न्हाई."

रामजीची बायको सरिता भाकरी थापत होती. ती सासूच्या शब्दाबाहेर नव्हती, पण दोन लेकरांच्या शाळेच्या बाहेरही नव्हती. तिनं तवा उतरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "तुमच्या घरात वाजवायचं बसून आन नोकरी जायची ती उभ्या उभ्या. न्हाई का?"

 रामजी दोन दिवस विचार करत राहिला. नाही म्हणावं तर प्रस्ताव टेबलावरच पिवळा पडेल. हो म्हणावं तर आई काही करणार नाही, फक्त त्याच्याकडं बघेल. तिसऱ्या दिवशी तो परमेश्वररावांकडं गेला आणि म्हणाला, वाजवतो साहेब, पण बसून.

परमेश्वररावांनी त्याच्या पायांकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम जिव्हाळा आला.

"गुडघे का?"

रामजी काहीच बोलला नाही. आयुष्यात न बोलून जेवढी कामं होतात तेवढी बोलून होत नाहीत, हा शाळेतला अनुभव होता. परमेश्वररावांना स्वतःला पाच वर्षांपासून गुडघ्यांची तकलीफ होती. त्यांनी त्याला नांदेडच्या एका डॉक्टरचं नाव दिलं, एक तेल सांगितलं आणि काही काळजी करू नका म्हणाले. संतरामला बोलावून हुकूम सोडला : ट्रॅक्टरची ट्रॉली धुऊन घ्या, झिरमिळ्या लावा, वर सरांची खुर्ची बांधा. ट्रॉली पुढं, लग्नाला ठरवलेला बँड तिच्या मागं पायी, त्यांच्या मागं घोडी.

घरी येऊन रामजीनं आईला सांगितलं की खुर्ची आहे. ट्रॉलीचं सांगितलं, गुडघ्यांचं नाही सांगितलं. पद्माबाईनं ट्रॉली कुणाची, ट्रॅक्टर कोण चालवणार, खुर्ची दोरीनं बांधणार की तारेनं, एवढं विचारून घेतलं आणि तारेनं बांधायला सांगितलं.

लग्नाचा मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा होता. मांडव शाळेच्याच मैदानात होता, कारण सुट्ट्या होत्या आणि मैदान संस्थेचं होतं. सव्वाअकराला मारुतीच्या देवळापासून परण्या निघाला. रामजी ट्रॉलीच्या अगदी पुढच्या टोकाला बसला होता, कारण नळीला जागा तिथंच मिळत होती. सातव्या जागेला नळी ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या पटक्याला लागायची. दोनदा लागल्यावर तो माणूस आपोआप मान खाली घालायला शिकला; पुढं पुढं तर सूर यायच्या आधी घालू लागला. रामजीनं सात वर्षांनी इतक्या लोकांसमोर वाजवलं होतं. हात विसरला नव्हता. दुकानदार दुकानाबाहेर आले, पोरं ट्रॉलीबरोबर धावू लागली, आणि बाजाराच्या तोंडाशी पोचेपर्यंत हे काम आपल्याला जमतं असं त्याला परत वाटू लागलं.

नेमकं तिथंच परण्या थांबला.

थांबवला तो नवरदेवाच्या मामांनी. त्यांचं नाव नामाजी. मामांना लग्नात चूक काढण्याचा मान असतो आणि ते सकाळपासून रिकाम्या हातानं फिरत होते. पाणी थंड होतं, फेटे सगळ्यांना पुरले होते, आहेर बराबर होता. मग त्यांनी मान वर केली. ट्रॉली चार फूट, खुर्ची दीड फूट, वर रामजी. मागं घोडीवर नवरदेव. मामांनी नजरेनंच माप घेतलं. वाजवणाऱ्याचं डोकं नवरदेवाच्या तुऱ्याच्या वर जात होतं.

"सोयरे," ते परमेश्वररावांना म्हणाले, "नवरदेव खाली आन वाजवनारा वर, हे कोनतं शास्त्र?"

वाजवणारा कोण, कुणाचा, याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. फक्त उंचीबद्दल बोलले. त्यांचं सगळं म्हणणं फूट-इंचात होतं. परमेश्वररावांनी गुडघ्यांचं सांगितलं. मामांना गुडघ्यांबद्दल सहानुभूती होती, पण गुडघे खाली बसूनही दुखणार नाहीत असं ते म्हणाले. मग रस्त्यातच चर्चा सुरू झाली. एकानं सुचवलं, ट्रॉलीऐवजी बैलगाडी आणा. ती तेवढीच उंच निघाली. दुसऱ्यानं सुचवलं, खुर्ची चार जणांनी उचलून चालावं. तो बोलला आणि मग चार जण कोण आणि खांद्यावर कोण हे त्याच्याच लक्षात आलं, तेव्हा तो गर्दीत मागं सरकला. बारा वाजून गेले. मांडवात आशीर्वाद द्यायला दोन मोठे पाहुणे येऊन बसले होते. दोघंही समतेवर फार चांगलं बोलत.

शेवटी परमेश्वरराव ट्रॉलीजवळ आले. बाजार शांत झाला होता. ते खालून, मान वर करून, अगदी समजुतीनं म्हणाले, "सर, शंभर-दीडशे पावलंच ऱ्हायलीत. गुडघ्याचं जरा सहन करा. उतरा."

रामजीनं ट्रॉम्बोन मांडीवर आडवा घेतला, नळीतलं पाणी काढून टाकलं. हे काम वाजवणाऱ्याला नेहमी उपयोगी पडतं. तेवढ्यात विचार करता येतो. अजूनही सोपं होतं. डॉक्टरनं उभं राहू नका सांगितलंय, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. खुर्ची वाचली असती, नोकरी वाचली असती. फक्त बापानं छप्पन साली आडात टाकलेलं डफडं संधिवाताच्या खात्यात जमा झालं असतं. आणि सबंध बाळापूर त्याला जन्मभर तेल सुचवत राहिलं असतं.

"साहेब," तो म्हणाला, "गुडघे चांगलेत माझे."

"मंग?"

"आमच्या घरात दुसऱ्याच्या दारी उभ्यानं वाजवत न्हाईत. बापानं सोडलंय. मी शाळेत बी बसूनच वाजवतो, तुमी बघितलंय."

परमेश्वररावांनी बघितलं होतं. सव्वा वर्ष रोज सहा वेळा सगळ्या बाळापूरनं बघितलं होतं आणि सगळ्यांनी ते गुडघेच धरले होते.

आता पंचाईत अशी झाली की जे सगळ्यांना कळलं ते कुणालाच बोलता येईना. तरी उतरा, असं म्हणायला तोंड हवं होतं, आणि वस्तीतली चाळीस-पन्नास माणसं कौतुकानं ट्रॉलीबरोबर चालत आली होती, ती तिथंच उभी होती. पुढच्या वर्षी परमेश्वररावांना कुठल्या तरी निवडणुकीला उभं राहायचं होतं. ते ट्रॉलीच्या झिरमिळ्या सरळ करू लागले.  मामा सूर्याकडं बघून मुहूर्ताचा अंदाज घेऊ लागले. रामजी खुर्चीवर बसून राहिला. ट्रॉलीचा पत्रा तापला होता. आपण आता शिक्षक राहिलो नाही, हे त्याला कळत होतं, आणि उद्यापासून कुणाच्या घरी पेटी शिकवायची त्या घरांची नावं तो मनात आठवू लागला.

कोंडी फोडली ती घोडीनं. इतका वेळ उन्हात उभी राहून ती कंटाळली होती आणि झांजवाल्याच्या हातून चुकून झांज वाजली. घोडीनं मागचे पाय उचलले. नवरदेव कसाबसा सावरला, खाली उतरला, फेटा सरळ केला आणि सगळ्यांच्या देखत ट्रॉलीत चढला. त्या माणसाला शास्त्राशी घेणंदेणं नव्हतं. त्याला पाटबंधारे खात्यात बसून काम करायची सवय होती.

"मामा, मी हितंच बसतो," तो म्हणाला. "घोडीवर तुमी बसा."

मांडवातून एक प्लास्टिकची खुर्ची आली. नवरदेव रामजीच्या शेजारी ठेवायला सांगत होता, पण शेजारी जागा नव्हती. समोर ठेवावी तर नळी फेट्यात गेली असती. ट्रॉम्बोनवाल्याच्या पुढं कुणी बसत नाही, हे रामजीनं नम्रपणे सांगितलं. खुर्ची मागं ठेवावी लागली. मागं म्हटल्यावर मामांना पुन्हा तोंड फुटलं. बरोबरीनं तर बरोबरीनं, पण मागं आणि बरोबरीनं हे फार झालं. नवरदेव अभियंता होता. त्यानं विटा मागवल्या. शाळेची एक खोली चार वर्षांपासून अर्धवट राहिली होती, तिच्या विटा जवळच होत्या. खुर्चीच्या प्रत्येक पायाखाली दोन, अशा आठ विटा लागल्या. एकेक पुरली असती, पण सरकारी कामात थोडं जास्त धरतात.

नवरदेव आता रामजीपेक्षा सहा इंच उंच झाला. सगळ्यांचं समाधान झालं. फक्त विटांवरची खुर्ची ट्रॉली हलली की डुलायची, म्हणून ती कुणी तरी धरणं भाग होतं. उंचीची काळजी सर्वांत जास्त मामांना होती, म्हणून ते वर चढले आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरून उभे राहिले. परण्या पुढं निघाला. ट्रॉलीवर दोन माणसं बसलेली होती आणि एक उभं.

मांडवाच्या दाराशी नेहमीप्रमाणं वाजंत्री थांबली. ढोलवाले थांबले, झांजवाला थांबला. रामजीनंही नळी आत ओढून घेतली. पण ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागं घेणं अवघड असतं आणि आठ विटांवरून नवरदेवाला दारात उतरवणं धोक्याचं होतं. चालवणाऱ्यानं ट्रॅक्टर थेट कमानीतून आत घातला आणि स्टेजपर्यंत नेला. पाचशे माणसं बघत होती. इतक्या आत आल्यावर गप्प बसणं बरं दिसेना, म्हणून रामजीनं परत ट्रॉम्बोन तोंडाला लावला. त्यानं मांडवाच्या आत, खुर्चीवर बसून, मुहूर्ताला सात मिनिटं उरेपर्यंत वाजवलं. नानीबाई म्हणून परमेश्वररावांची म्हातारी आत्या होती, तिनं त्याला तिथंच बसल्या जागी सरबत नेऊन दिलं, कारण वर बसलेला माणूस पाहुणाच असणार, असं तिला वाटलं.

फोटोंचं मात्र वाईट झालं. परण्याच्या प्रत्येक फोटोत पुढं रामजी, आरपार पितळी नळी आणि तिच्या वर नवरदेवाचा तुरा. मामा सगळ्यांत आहेत, खुर्ची धरलेले.

मे संपला, जून उजाडला. शाळा सुरू झाली. प्रस्ताव टेबलावरच होता. रामजी रोज प्रार्थना घ्यायचा आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोच्या नजरेला नजर द्यायचं टाळायचा. अध्यक्ष समोर आले की हसायचे, पण तेल लावता का असं आता विचारत नसत. दरम्यान लग्नाला आलेली मंडळी आपापल्या गावी गेली होती आणि ती उंचीबद्दल बोलत नव्हती. ती ट्रॉलीबद्दल बोलत होती. नवरदेव ट्रॉलीत, पुढं बसलेला खास वाजवणारा, पार स्टेजपर्यंत! हे काही तरी शहरातलं नवं निघालेलं असणार असं त्यांनी धरलं. त्याच उन्हाळ्याच्या शेवटच्या तिथींना कळमनुरीकडं तीन परण्यांत ट्रॉल्या निघाल्या. एकात तर नुसती रिकामी खुर्चीच पुढं बांधली होती. तिचं कारण कुणालाच माहीत नव्हतं. ज्याच्या त्याच्या तोंडी, ही टूम बाळापूरच्या परमेश्वररावांची. परमेश्वररावांनी दोन-चार वेळा नाही म्हणून बघितलं, मग लोकांचा आग्रह मोडवेना.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात संतराम घरी आला. पाणी प्यायला, पंखा चालतो का बघितलं आणि पाकीट पुढं केलं.

"सर, सायबांनी सही केली आन पुढच्या साली धाकट्या ताईचं लग्न हाय, तवा तुमी नुसतं जेवायला यावं, वाजीव घरी ठेवून, आसं बी म्हणले."

सरितानं पाकीट आधी घेतलं, हात पदराला पुसून मग उघडलं आणि दोनदा वाचलं. रामजीनं आईजवळ जाऊन मोठ्यानं सांगितलं, कायम झालो म्हणून. पद्माबाईनं मान हलवली. मग त्यानं दुसरी गोष्टही सांगितली, धाकटीच्या लग्नाचं जेवणाचं आमंत्रण आहे, नुसतं जेवायचं.

पद्माबाईनं थोडा विचार केला.

"पंगत हाय का टेबल-खुर्ची?" तिनं विचारलं. "तेवढं इचारून घे."